दोन कागद आलेले नसताना इंग्रजीत कसे लिहावे

बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागात नव्याने रुजू झालेल्यांचे मसुदे तपासताना माझी लाल शाई सर्वाधिक खर्च होते ती एकाच ठिकाणी. आयातीच्या एलसीखाली (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद मिळाल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) परदेशी बँकेकडून आलेल्या संचात दोन कागद कमी आहेत, एवढेच इंग्रजीत सांगायचे असते.

‘दोन्ही दाखले आलेले नाहीत’ या मराठी वाक्यात शंकेला जागा नसते. पण तेच ‘बोथ सर्टिफिकेट्स वेअर नॉट प्रेझेंटेड’ असे उतरवले, तर ‘दोन्ही नाहीत, म्हणजे एखादा आला असेल’ असाही अर्थ काढता येतो. तिथे ‘नायदर द इन्शुरन्स सर्टिफिकेट नॉर द सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन वॉज प्रेझेंटेड’ असे लिहावे. नायदर-नॉरमध्ये नकार आधीच असल्यामुळे पुन्हा ‘नॉट’ घालू नये आणि क्रियापद ‘नॉर’नंतरच्या नामाला धरून ठेवावे, तिथे ‘इन्व्हॉइसेस’ आले, तर ‘वॉज’चे ‘वेअर’ होते.

‘विदाउट अ पॅकिंग लिस्ट ऑर अ वेट सर्टिफिकेट’ या रचनेला नवे लोक उगाच बिचकतात. ‘ऑर’ दिसला की मनात ‘किंवा’ उमटतो आणि दोहोंपैकी एकच कागद नाही असे वाटते. प्रत्यक्षात नकारानंतरचा ‘ऑर’ सहसा दोन्ही नसल्याचे सांगतो. तिथे ‘अँड’ घातला, तर मात्र वाक्य सैल पडते.

हा काटेकोरपणा केवळ व्याकरणाच्या हौसेपोटी नाही. 1 जुलै 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या एलसीविषयक आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कागद सादर झाल्याच्या दिवसानंतर तपासणीसाठी जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, आणि कागद नाकारायचे असतील तर प्रत्येक त्रुटी एकाच सूचनेत नोंदवावी लागते. त्या सूचनेतून निसटलेल्या त्रुटीवर बँकेला नंतर बोट ठेवता येत नाही. म्हणून स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून कागद नाकारल्याचे कळवणाऱ्या एमटी 734 संदेशात मी नायदर-नॉरचा डौलही टाळायला सांगतो: प्रत्येक कागदाला स्वतंत्र ओळ आणि पुढे ‘नॉट प्रेझेंटेड’. जोडवाक्य ग्राहकाच्या पत्रात शोभते.

सर्वांत फसवे प्रकरण बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या पावतीचे. तीन मूळ प्रतींचा पूर्ण संच मागितला असताना एकच आली, तर ‘टू ओरिजिनल्स प्रेझेंटेड’ आणि ‘टू ओरिजिनल्स मिसिंग’ यांत घाईत गल्लत होते, आणि नुसते ‘बिल ऑफ लेडिंग मिसिंग’ लिहिणे तर सरळ चूकच आहे, कारण एक प्रत समोर टेबलावर असते. ‘ओन्ली वन ऑफ थ्री ओरिजिनल बिल्स ऑफ लेडिंग प्रेझेंटेड’ असे लिहिले, की किती आल्या हे कळते आणि किती राहिल्या हेही. कागद आला आहे पण त्यावर सही नाही, तेव्हा ‘मिसिंग’ हा शब्द कागदाला न लावता सहीला लावावा.