इंजिनाची घोडी बांधताना

माझं पहिलं इंजिन मी लाकडी स्टुलावर दोन क्लॅम्प आवळून चालू केलं होतं. दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला ते धडधडायला लागलं आणि अर्ध्या मिनिटात स्टूल जागचं सरकू लागलं. स्विच दाबला. काही नाही. थरथरीने स्विचची वायर निसटून खाली लोंबत होती. एका हाताने मी स्टूल दाबून धरलेलं, दुसऱ्या हाताने काय करावं सुचेना. मामा मागेच उभा होता. त्याने हात घालून चोक (हवेचं तोंड झाकणारी झडप) ओढला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. मग म्हणाला, "चालू कुणीही करतं रे. बंद कसं करणार ते आधी ठरव."

त्यानंतर मी तीन घोड्या बांधल्या. सुताराची असते तशी लोखंडी घोडी, म्हणून इंजिन बसवून तपासायच्या टेस्ट स्टँडला मी घोडीच म्हणतो. पहिली फार उंच झाली, दुसरी फार हलकी. तिसरी अजून कामाला आहे, तिच्यावरूनच सांगतो. ही पंप, फवारणी यंत्र, जनरेटर वगैरेंवरच्या एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. मोटारीचं इंजिन हिच्यावर चढवू नका.

सांगाड्याला ४० × ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. वरची प्लेट ८ मिलिमीटरची, उंची ६० सेंटिमीटर. पहिली घोडी कमरेएवढी केली होती. दोरी ओढली की ती माझ्याच अंगावर यायची. आता पाय खाली फाकवलेत आणि दोरी ज्या बाजूला ओढतो तिकडचे दोन पाय आणखी १० सेंटिमीटर बाहेर घेतलेत. तळाला आडव्या पट्ट्यांवर वाळूची दोन पोती, मिळून चाळीसेक किलो. १६० सीसीचं इंजिन १५ किलोच्या आसपास असतं, पण ३६०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ते सेकंदाला ६० वेळा हिसके देतं. ते पचवायला खाली वजन लागतंच.

इंजिनाखाली रबर लावायचा मोह होतो. मीही लावलं होतं. पुरत्या वेगात छान शांत चालतं, पण चालू होताना आणि बंद पडताना मधला एक वेग असा येतो की इंजिन पिसाळल्यासारखं हलतं आणि पेट्रोलची नळी ओढली जाते. शिवाय पुढे ताकद मोजायची असेल तर डुलणारं इंजिन उपयोगाचं नाही. म्हणून इंजिन प्लेटवर घट्ट, आणि रबर घोडीच्या पायांखाली.

प्लेटला भोकं पाडू नका, खाचा पाडा. होंडाचं १६० सीसीचं इंजिन जीएक्स १६० आणि त्याच्या धर्तीवर निघालेल्या असंख्य इंजिनांच्या पायांची भोकं १६२ × ७५.५ मिलिमीटरवर असतात. २०० सीसीचं भावंडही त्याच मापात बसतं. पण तुमच्याकडे येणारं पुढचं इंजिन त्या मापाचं असेलच असं नाही. ९ मिलिमीटर रुंदीच्या चार लांब खाचा, ८ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, खाली जाड वॉशर आणि नायलॉनचा लॉकनट. साध्या नटावर स्प्रिंग वॉशर लावून भागेल असं मला वाटलं होतं. दहा मिनिटांत नट बोटाने फिरत होता.

वेल्डिंगने प्लेट पिळते. समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने टाके मारा, थंड होऊ द्या, मग पट्टी तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का पाहा. पिळलेल्या प्लेटवर बोल्ट आवळले तर ॲल्युमिनियमचा पाय तडकतो, आणि पाय तडकलेलं इंजिन म्हणजे नवीन केसिंग. फट असेल तिथे पत्र्याची पातळ पट्टी सरकवा.

घोडी पाणसळीत हवी, ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. एका इंजिनाला ठिणगीच येईना. प्लग बदलला, ठिणगीला वीज देणारी कॉइल बदलली, दोन दिवस गेले. शेवटी कळलं की घोडीचा एक पाय खड्ड्यात होता. पुष्कळ इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा एक तरंगता स्विच असतो. तिरक्या इंजिनात ऑइल एका बाजूला गेलं आणि स्विचने इमानदारीने आपलं काम केलं. तो स्विच नसता तर इंजिन चालू झालं असतं, तळातलं ऑइल उडवणारा चमचा कोरडा फिरला असता आणि कनेक्टिंग रॉड चिकटला असता. दोन दिवस गेले ते स्वस्तात सुटलो.

आता बंद करण्याचं. माझ्या घोडीवर तीन सोयी आहेत आणि तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र.

पहिली म्हणजे स्विच. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय फिरत्या चुंबकावर ठिणगी पाडणाऱ्या इंजिनात स्विच दाबला की कॉइलची वायर इंजिनाच्या अंगाला टेकते आणि ठिणगी मरते. मोटारीतल्या बॅटरीच्या इग्निशनच्या अगदी उलट. तिथे वायर तुटली की इंजिन बंद. इथे वायर तुटली की इंजिन बंदच होत नाही. माझ्या स्टुलावर हेच झालं होतं. म्हणून कॉइलच्या टोकापासून दोन वेगळ्या वायरी काढून दोन वेगळ्या स्विचांना नेल्यात. एक घोडीवर, दुसरा तीन मीटर लांब वायरीवर माझ्या बाजूला. होड्यांच्या इंजिनांना मनगटात अडकवायच्या दोरीचा स्विच असतो, दोरी सुटली की इंजिन बंद होतं. मिळाला तर तो लावा. अर्थिंगची वायर रंगावर टेकवू नका, रंग खरवडून बोल्टखाली घ्या. चालत्या इंजिनाची प्लगची टोपी काढून ते बंद करायला जाऊ नका. झटका तर बसतोच, कॉइलही जाते.

दुसरी सोय पेट्रोलचा कॉक. हा लगेच काम करत नाही, कारण कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालतच राहतं. तिसरी म्हणजे हवा. चोक नसेल किंवा मोडका असेल तर रबर चिकटवलेली एक लाकडी फळी जवळ ठेवा, कार्बोरेटरचं तोंड झाकेल एवढी. हात लावायचा नाही.

इंजिन चालू करण्याआधी स्विच तपासायचा, नंतर नाही. प्लग काढून टोपीत घाला, भोकापासून लांब, हेडच्या धातूला टेकवा (भोकातून पेट्रोलची वाफ येते) आणि दोरी ओढा. ठिणगी दिसली पाहिजे. मग एकेक स्विच दाबून पुन्हा ओढा. ठिणगी दिसता कामा नये.

टाकी म्हणून पेट्रोल सोसणाऱ्या प्लास्टिकची २५० मिलिलीटरची बाटली पुरे. ती वेगळ्या खांबावर, कार्बोरेटरच्या बाजूला, त्याच्या वर साधारण ३० सेंटिमीटर. सायलेन्सरच्या डोक्यावर कधीच नाही. खाली कॉक, मग फिल्टर, मग नळी, प्रत्येक जोडाला क्लिप. झाकणाला बारीक भोक ठेवा. नाहीतर इंजिन पाच मिनिटं झकास चालेल, मग लंगडेल, आणि तुम्ही निष्पाप कार्बोरेटर खोलून बसाल. बाटलीवर २० मिलिलीटरच्या खुणा केल्या तर खपही मोजता येतो. १६० सीसीचं इंजिन पुऱ्या भारावर २० मिलिलीटर पेट्रोल मिनिटाच्या आत पितं.

हे सगळं उघड्यावर करायचं. दार-खिडक्या उघड्या ठेवलेली खोली म्हणजे उघडी जागा नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकं जड झालंय हे लक्षात येईपर्यंत पाय साथ सोडतात. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी हवं, पण घोडीवर टांगलेलं नको. आग घोडीलाच लागणार, तेव्हा ते काढायला तिथेच हात घालावा लागेल. कानाला मफ लावा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. शाफ्टला पुली नसेल तर खाचेतली चावी (पुली शाफ्टवर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) काढून खिशात ठेवा. सैल चावी ३००० आरपीएमला गोळीसारखी सुटते. माझ्या पत्र्याच्या शेडला तसं एक भोक आहे.

उभ्या शाफ्टचं, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन असेल तर प्लेटला मधे मोठं भोक लागतं आणि खाली जाळीचं कुंपण. त्यातल्या बऱ्याच इंजिनांचं फ्लायव्हील (शाफ्टवरचं वजनदार चाक) हलकं असतं, कारण पात्याचं वजन त्यांनी हिशेबात धरलेलं असतं. पात्याशिवाय दोरी ओढली की ती उलटा झटका देतात आणि बोटं दुखावतात. पात्याच्या जागी तेवढ्याच वजनाची, नीट तोललेली चकती बसवा.

पहिल्यांदा चालवताना ऑइलची पातळी पाहा, व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर मोजा (जुन्या जीएक्स १६० ला इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर), आणि वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग होती तशीच राहू द्या. "जरा किती पळतंय बघू" म्हणून गव्हर्नर सोडणारे मी पाहिलेत. फ्लायव्हील फुटलं तर ते कुठल्या दिशेला जाईल ते कुणी सांगू शकत नाही. उभं राहताना फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नका.

फेऱ्या मोजायला प्लगच्या वायरीला गुंडाळायचा टॅकोमीटर चांगला, पण तो फसवतो. फोरस्ट्रोक इंजिनाला ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा लागते. मात्र फ्लायव्हीलवर चुंबक बसवलेलं इंजिन प्रत्येक फेरीला ठिणगी देतं, एक कामाची, एक फुकट. मीटर "दोन फेऱ्यांना एक" वर असेल तर ३००० चे ६००० दाखवेल. "एका फेरीला एक" वर ठेवा.

इथवर आलात की घोडी तयार आहे, कुणी इथेच थांबलं तरी चालेल. पण बिनभाराचं इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं. खरं काय ते भार दिल्यावर कळतं.

त्यासाठी १८२१ सालची युक्ती अजून चालते, गॅस्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याचा ब्रेक. शाफ्टवर बिडाचा ड्रम, त्याला दोन बाजूंनी कठीण लाकडाचे ठोकळे, आत कातड्याचा पट्टा, दोन लांब बोल्टांवर स्प्रिंग आणि हाताने फिरवायचे नट. ठोकळ्यांना एक आडवा दांडा. नट आवळला की ड्रम दांड्याला आपल्याबरोबर फिरवू पाहतो आणि दांड्याचं टोक खालच्या वजनकाट्यावर दाबलं जातं. टोकाखाली रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर काट्यावरचे आकडे नाचतात.

दांडा किती लांबीचा? मी शाफ्टच्या मध्यापासून टेकणाऱ्या टोकापर्यंतचं आडवं अंतर बरोबर ७१६ मिलिमीटर ठेवलंय. मग किलो गुणिले आरपीएम, भागिले १००० की मेट्रिक अश्वशक्ती. बाकी गणित नाही. जीएक्स १६० चं पुस्तकी माप ३६०० आरपीएमला ३.६ किलोवॅट आहे. या दांड्यावर ते १.३६ किलो येतं, म्हणजे ४.९ अश्वशक्ती. नट ढिले असताना दांड्याचं स्वतःचं वजन काट्यावर किती येतं ते आधी टिपून वजा करायचं.

दांड्याच्या वर आणि खाली घोडीलाच वेल्ड केलेले दोन अडसर हवेत. ब्रेक अचानक पकडला तर दांडा काट्यासकट उडतो. पुरा थ्रॉटल द्या, नट हळूहळू आवळा. आधी वेग जवळजवळ तसाच राहतो, कारण गव्हर्नर थ्रॉटल उघडत जातो. मग एक क्षण येतो की आवळलं की वेग पडतोच. तिथून पुढे इंजिनाची खरी ताकद दिसते. ३००० वर आणा, किलो वाचा, नट सोडा. हे पंधरा सेकंदांत उरकायचं. अडीच किलोवॅटची सगळी उष्णता त्या ड्रममध्येच जाते आणि कातडं धुरायला वेळ लागत नाही.

माझ्याकडच्या एका पंपाच्या इंजिनाने ३००० वर १.०५ किलो दाखवले. बिनभाराचं ते घड्याळासारखं चालायचं, मालकाचं म्हणणं पंपच खराब आहे. व्हॉल्व्ह घासून बसवले, फट लावली, पुन्हा चढवलं. १.२८. पंपाला मी हातही लावला नाही.

काम संपलं की नट सोडून दोन मिनिटं मंद चालवा, मग कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन आपणहून थांबू द्या. बाटली काढून लांब ठेवा. ड्रमला अर्धा तास हात लावू नका. इंजिन उतरवायच्या आधी दोन्ही स्विचच्या वायरी एकदा ओढून पाहा. मी अजून पाहतो.