नव्या परिसरात शांततेची वेळ कोणती, हे कसे तपासावे

रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ ठाणे, नवी मुंबई, पुणे किंवा नागपूर अशा सर्व शहरांत सारखीच आहे, कारण ती महापालिकेने नव्हे, तर केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवली आहे. फरक पडतो तो सवलतीच्या दिवसांत. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला मुभा देता येते आणि महाराष्ट्रात त्या दिवसांचे आदेश जिल्हाधिकारी काढतात. म्हणून आपले घर कोणत्या जिल्ह्यात येते, हे आधी पाहावे. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, तर लागूनच असलेले खारघर रायगडमध्ये. त्यामुळे एकाच नवी मुंबईत राहूनही दोन वेगळे आदेश वाचावे लागतात. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचेच.

त्यानंतर परिसराचा वर्ग पाहावा. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५ आहे. तळमजल्यावर दुकाने आणि वर घरे अशा इमारतीत यावरूनच वाद होतात. रुग्णालय जवळ असले की शांतता क्षेत्र आपोआप लागू होते, असे अनेकांना वाटते. परंतु २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे घोषित केलेले असणे आवश्यक आहे.

निवासी भागात रात्री दहानंतर बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवता येत नाहीत. दुपारी ड्रिल बंद ठेवण्याची वेळ मात्र या नियमांत नसून सोसायटीच्या ठरावात असते, तेव्हा ती सचिवांकडे विचारावी.

तक्रार ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात करावी. रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर तक्रारीसाठी डेसिबल मोजून दाखवण्याची गरज नाही. मोबाइलवरील ॲपचा आकडा फार तर अंदाज देतो. शेजाऱ्यांशी वितुष्ट येईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करण्यास पोलिसांना सांगितले आहे. फोन करताना इमारतीचे नाव, जवळची खूण आणि आवाज कधीपासून सुरू आहे, एवढे स्पष्ट सांगावे व तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा.