ताक कळकलं, आंबिलीत गुठळ्या झाल्या? मुलांनो, या चुका टाळा

सुट्टीत आमच्याकडे भाचरं जमली की दुपारी काहीतरी थंडगार करायची हौस त्यांनाच असते. बिघडतं तेव्हा मात्र हिरमुसतात. बहुतेक वेळा का बिघडलं हे समजलं की पुढच्या वेळी जमतंच.

आंबिलीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्या कोल्हापूरची. कर्नाटकातल्या सौंदत्तीची रेणुकेची यात्रा झाली की आपल्याकडच्या ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबिलीचा नैवेद्य असतो. उकळत्या पाण्यात नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ थेट टाकलंत, की गुठळ्या ठरलेल्या. गरम पाणी लागताच पिठाचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. म्हणून दोन चमचे पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. मग ते दोन वाट्या उकळत्या पाण्यात, मोठ्या माणसाला शेजारी उभं करून, ढवळत ढवळत सोडा आणि सात-आठ मिनिटं शिजवा. ताक मात्र आंबील कोमट झाल्यावरच घाला, उकळत्यात घातलं तर फाटतं. मग मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गुठळ्या झाल्याच तर टाकून देऊ नका, चाळणीतून दाबून गाळा.

काही घरांत पीठ रात्रभर ताकात अंबवतात. "अंबलं म्हणजे दारू झाली का?" असं भाचीनं विचारलं, आणि प्रश्न अगदी योग्य होता. दारूत यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव साखरेपासून अल्कोहोल बनवतात. आंबिलीत दह्यातलेच जिवाणू काम करतात आणि आंबट आम्ल तयार करतात. म्हणून ती दह्यासारखी आंबट लागते.

ताक, पन्हं, कोकम सरबत तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आतली कल्हई गेलेली असेल तर आंबट पदार्थात तांबं विरघळतं आणि ताक कळकतं, म्हणजे धातूमुळे बिघडतं. असं ताक पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. इथं दुरुस्ती नाही, ओतूनच द्यायचं. स्टील, काच किंवा मातीचं भांडं बरं.

पन्ह्यात गूळ किती, हे कैरीवर ठरतं. आधी एक वाटी गराला एक वाटी गूळ घाला आणि चाखून वाढवा. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला तर कचरा राहत नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे तो वापरताना मला अभिमानच वाटतो. पण दुधात घालायचा असेल तर गॅस बंद करून दूध जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गुळातल्या आम्लामुळे दूध फाटतं.

उसाचा रस गाड्यावरच प्या. घरी आणून ठेवला की हवेशी संयोग होऊन काळपट पडतो. लिंबू पिळल्यानं थोडा उशीर होतो, इतकंच. आणि बर्फ नको म्हणा, तो कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं.

कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण (नुकतंच काढलेलं, कच्चं) दूध प्यायची जुनी परंपरा आहे, आणि ती मला मनापासून आवडते. तरीही मुलांनी ते दूध घरी नेऊन उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. पैलवान पितात म्हणून आपणही, हे कारण पुरेसं नाही.

तालमीतली थंडाई मात्र जरूर करा. तिच्यात भांग असते असं काहींना वाटतं, पण पैलवानांची थंडाई बदाम, खसखस, वेलची आणि दुधाची. बदाम रात्री भिजवून सोला. मिक्सरमध्ये कोरडे फिरवू नका, तापून तेल सुटतं आणि गोळा होतो. थोडं दूध घालत, थांबत थांबत वाटा. मित्राला पेला देण्याआधी त्याला बदामाची ॲलर्जी तर नाही ना, हे त्याच्या आईला विचारून घ्या.