गोचीड तापातून उठलेल्या मोतीला घेऊन वेंगुर्ल्याला: माझा अनुभव

आमच्या कुत्र्याला, मोतीला गोचीड ताप झाला होता, प्लेटलेट पार खाली गेलेल्या, डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या 28 दिवस लिहून दिल्या. विसाव्या दिवशी चांगलं खायला लागला, डॉक्टर पण न्या म्हणाले, म्हणून ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) करून घेतलीय त्यातनं बेळगावहून शिनोळी मार्गे निघालो.

आंबोली घाट उतरताना दोनदा उलटी. तोंडातनं लाळेची तार गादीपर्यंत आणि डोळे माझ्याकडं लावून बसलेला, जीव नुसता गलबलला बघा.

गाडी थांबवून डॉक्टरांना फोन लावलो. गाडी लागू नये म्हणून मी पहाटे त्याला उपाशी ठेवलो होतो आणि गोळी मात्र तशीच तोंडात घातलो होतो, चूक तिथंच. ही गोळी उपाशीपोटी मळमळते, घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम पण करते. मग वेळच बदललो, गोळी रात्री मुक्कामाला पोचल्यावर चिकन-भाताच्या घासात, वर थोडं पाणी. दहीभातात देऊ नका हं, दूध-दह्यातल्या कॅल्शियमनं औषध नीट लागत नाही, आमच्या आईनं आधी तेच केलं होतं.

वेंगुर्ल्यात वाळू तापायच्या आत फिरवून आणायचं, प्यायचं पाणी घरचं कॅनमधलं, समुद्राचं खारं पाणी चाटू द्यायचं नाही, त्यानं पण उलटी होते. परत गाडीत चढवताना कानाच्या आत नि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचो. येताना घाटात उलटी नाही, खिडकीला नाक लावून झोपला.