टीम्स म्हणजे ऑफिसचं व्हॉट्सअ‍ॅप नाही

आमची टीम बारा जणांची, त्यातले चौघं पुण्यात, दोघं कोल्हापूरला, एक नाशिकला, बाकीचे आपापल्या गावी आणि क्लायंट न्यू जर्सीत. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा आठवड्याभरात सगळ्यांच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट टीम्स, म्हणजे ऑफिसच्या चॅट, कॉल आणि फायलींचं अ‍ॅप, आलं, पण ते वापरायचं कसं हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. मग आपल्याला जे येत होतं तेच सगळ्यांनी केलं, म्हणजे एक मोठा ग्रुप काढला आणि त्यात काम, फायली, वाढदिवस, गुड मॉर्निंग सगळं ओतलं. अजूनही बऱ्याच ठिकाणी हेच चालू आहे आणि मग लोक म्हणतात टीम्स बेकार आहे, काही सापडतच नाही. सापडणार कसं, सगळं एकाच पिशवीत कोंबलंय ना.

तर पहिली गोष्ट, चॅट आणि चॅनल हा फरक डोक्यात पक्का करा. चॅट म्हणजे दोघातिघांचं बोलणं, आज आहे उद्या नाही असं. चॅनल म्हणजे त्या कामाची वही. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की इन्व्हॉइसमधला तो कॉलम आपण का काढला होता, तर ते उत्तर चॅनलमध्ये सापडायला पाहिजे, कुणाच्या तरी पर्सनल चॅटमध्ये नाही. नवीन माणूस आला की त्याला टीममध्ये घेतलं की चॅनलचा जुना इतिहास त्याला आपोआप दिसतो. ग्रुप चॅटमध्ये मात्र अ‍ॅड करताना टीम्स विचारतं, जुनं काही दाखवायचं नाही, ठरावीक दिवसांचं दाखवायचं की सगळंच, आणि घाईत आपण पहिला पर्याय ठेवतो, मग तो बिचारा आठवडाभर सगळ्यांना तेच तेच विचारत फिरतो.

चॅनल कामाप्रमाणे काढा, माणसाप्रमाणे नको, आणि बारा जणांसाठी वीस चॅनल तर अजिबात नको. आमच्याकडे पाच आहेत आणि पाचवं फक्त गप्पांचं, कुणाच्या पोराला दहावीला किती मार्क पडले वगैरे तिकडे. असं एक ठेवाच, नायतर त्या गप्पा कामाच्या चॅनलमध्ये येतात. पोस्ट टाकताना विषय लिहा आणि कुणी त्या पोस्टवर बोलणार असेल तर त्याच पोस्टच्या खाली रिप्लाय द्या. लोक हमखास खाली नवीन पोस्ट टाकून उत्तर देतात, मग प्रश्न एकीकडे उत्तर दुसरीकडे. आमच्यात याला "गल्ली चुकली" म्हणतात आणि ज्याची चुकेल त्याला सगळे मिळून तेवढंच लिहितात, दोन महिन्यांत सगळे सुधारले. आणि ज्याच्याकडून काम हवंय त्याचं नाव अ‍ॅट लावून घाला, कारण चॅनलच्या प्रत्येक पोस्टची घंटी सगळ्यांकडे वाजतेच असं नाही.

आता "हाय" बद्दल. नुसतं हाय लिहून थांबायचं, समोरचा हाय म्हणेल मग हाऊ आर यू, मग तो टायपिंग टायपिंग दाखवत बसणार आणि वीस मिनिटांनी कळणार की साहेबांना फक्त एक लिंक हवी होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा, म्हणजे "इन्व्हॉइसच्या पीडीएफमध्ये पत्ता दोनदा छापला जातोय, स्क्रीनशॉट खाली आहे, आज पाचच्या आत बघता येईल का, नाही जमलं तर उद्या सकाळी चालेल." काय झालंय, काय पाहिजे, कधीपर्यंत पाहिजे, झालं. समोरचा वेळ मिळेल तेव्हा वाचून थेट उत्तरच देतो. घरून काम करताना हाच तर फायदा आहे की दोघं एकाच वेळी जागेवर असायची गरज नाही. एंटर दाबलं की अर्धवट मेसेज जातो म्हणून काही लोक पाच ओळींचे पाच मेसेज पाठवतात, त्यांच्यासाठी, शिफ्ट आणि एंटर दाबलं की नवीन ओळ येते. लांब लिहायचं असेल तर कंट्रोल शिफ्ट एक्स दाबा, लिहायचा चौकोन मोठा होतो आणि तिथे एंटर मारला तरी मेसेज जात नाही.

रात्री अकराला काही आठवलं तर लिहून टाका, पण पाठवायच्या बाणावर राइट क्लिक करून सकाळी नऊची वेळ लावा, फोनवर तोच बाण दाबून धरायचा. विशेषतः तुम्ही मॅनेजर असाल तर, कारण तुम्ही "सावकाश बघ" असं लिहिलं तरी पोरं त्याच रात्री लॅपटॉप उघडतात.

फायलींचा भाग नीट वाचा, इथे आम्ही चांगलाच मार खाल्लाय. चॅटमध्ये टाकलेली फाइल जाते पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या एकट्याच्या ऑनलाइन कपाटात, आणि चॅनलमध्ये टाकलेली जाते त्या टीमच्या शेअरपॉइंटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कपाटात. दिसायला दोन्ही सारखंच, पण माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं अकाउंट काढलं की साधारणपणे ३० दिवसांनी त्याचं वनड्राइव्हपण पुसलं जातं, सेटिंग कुणी बदललं नसेल तर. मी आधी जिथे होतो तिथे एक सिनियर असाच सोडून गेला आणि वर्षभराच्या टेस्टिंगच्या सगळ्या शीट त्याच्या चॅटमध्ये होत्या. लिंक होत्या, फायली नव्हत्या. तेव्हापासून माझा नियम, जी फाइल दुसऱ्यांदा उघडावी लागणार ती चॅनलमध्येच. आणि फायनल, फायनल२, फायनल_खरंच_फायनल असल्या कॉप्या मेलने फिरवायच्या नाहीत, एकच फाइल ठेवायची, सगळे त्यातच एका वेळी लिहू शकतात आणि कुणी घोळ घातला तर व्हर्जन हिस्टरीतून कालची परत आणता येते.

आता मीटिंग. बोलवायच्या आधी स्वतःला विचारा की हे पोस्ट टाकून भागेल का, निम्म्या वेळा भागतं. रोज सकाळी बारा जणांनी काल काय केलं ते अर्धा तास वाचून दाखवायचं, त्यापेक्षा दहाच्या आत तीन ओळी चॅनलमध्ये, आम्ही तेच केलं आणि मीटिंग फक्त कुणी अडकलं असेल तर. घ्यायचीच असेल तर इन्व्हाइटमध्ये लिहा की काय ठरवायचंय आणि आधी काय वाचून यायचंय. मीटिंग संपल्यावर अजेंडा पाठवणारे लोक मी पाहिलेत, वरातीमागून घोडं. आउटलुकमध्ये मीटिंग आपोआप पाच दहा मिनिटं आधी संपवायचं सेटिंग असतं ते लावून ठेवा, एकामागून एक कॉल असतील तर मधे पाणी तरी पिता येतं.

बाहेरची माणसं असतील तर मीटिंग ऑप्शन्समध्ये जाऊन दोन गोष्टी बघा, लॉबीत, म्हणजे दाराबाहेरच्या वेटिंगमध्ये, न थांबता थेट आत कोण येणार आणि प्रेझेंटर कोण, म्हणजे स्क्रीन कोण शेअर करू शकणार. पन्नास लोकांच्या कॉलमध्ये सगळेच प्रेझेंटर ठेवले की कुणीतरी चुकून स्वतःचा स्क्रीन शेअर करतोच.

स्क्रीनचं म्हणाल तर अख्खा स्क्रीन शेअर करायची सवय मोडा, फक्त ती विंडो शेअर करा. क्लायंटसमोर मी आकडे दाखवत होतो आणि कोपऱ्यात घरून मेसेज आला, "कोथिंबीर आणि आल्याशिवाय घरी येऊ नका". क्लायंटकडे दोन मराठी लोक होते. व्हिडिओ दाखवायचा असेल तर शेअर करतानाच कॉम्प्युटरचा आवाज ऑन करायचं बटण असतं, ते राहिलं की तुम्हाला ऐकू येतं आणि बाकीचे मूकपट बघतात.

कॅमेऱ्यापेक्षा माइक महत्त्वाचा. तोंड अंधुक दिसलं तरी चालतं, आवाज तुटला की संपलं. साधा वायरचा हेडफोन घ्या, सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन चालू ठेवा, कुकरच्या शिट्ट्या बऱ्यापैकी दबतात पण डोक्यावरच्या फुल स्पीड पंख्याचं काही सांगता येत नाही. डिव्हाइसेसमध्ये टेस्ट कॉल असतो, महत्त्वाच्या कॉलआधी एकदा करून बघा म्हणजे पहिली पाच मिनिटं "माझा आवाज येतोय का" यात जात नाहीत. म्युट करायला कंट्रोल शिफ्ट एम, आणि दोनच शब्द बोलायचे असतील तर कंट्रोल आणि स्पेसबार दाबून धरा, सोडलं की परत म्युट.

लाइट गेली तर? पुण्यात गुरुवारी, म्हणजे लाइटच्या दुरुस्तीच्या वारी, हा प्रश्न पडतोच. लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटरला नसते, त्याला छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही पॉवर लागते हे विसरू नका. नेट रखडायला लागलं की आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा, मग मेनूतून येणारे व्हिडिओपण बंद करा, नुसत्या आवाजाला फारच थोडं नेट लागतं. तरीही नाही जमलं तर फोनवरून मोबाइल डेटावर त्याच मीटिंगमध्ये या, टीम्स विचारेल की कॉल इकडे हलवायचा की हे डिव्हाइस जोडायचं, तेव्हा हलवाच. जोडलं आणि लॅपटॉपपण चालू राहिला तर अशी शिट्टी वाजते की सगळे हेडफोन काढून फेकतात.

अमेरिकेवाल्यांबरोबर काम असेल तर हेही बघा. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यू जर्सीचे सकाळचे नऊ म्हणजे थंडीत आपले संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. दर आठवड्याची मीटिंग ज्याने लावली त्याच्या घड्याळाप्रमाणे ती चालते, म्हणजे त्यांनी लावली असेल तर आपली वेळ सरकणार आणि आपण लावली असेल तर त्यांची. इंग्लंड आणि युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे तिन्हीकडचे लोक असतील तर मधले दोनतीन आठवडे पूर्ण गोंधळ. कॅलेंडरमध्ये आधीच खूण करून ठेवा.

रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच तोंडाने सांगा, वर पट्टी दिसते पण ती कोण वाचतं. आणि रेकॉर्डिंग कायम राहतं असं समजू नका, सेटिंग बदललेलं नसेल तर १२० दिवसांनी ते आपोआप जातं, ठेवायचं असेल तर तारीख वाढवा. मीटिंगमध्ये जे ठरलं ते मात्र लगेच चार ओळीत चॅनलमध्ये लिहा, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, तासाभराचं रेकॉर्डिंग परत बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हिरव्या ठिपक्याच्या नादी लागू नका. पाच मिनिटं माउस हलला नाही की टीम्स तुम्हाला पिवळं करतं, मग तुम्ही कागदावर डोकं खाजवत डिझाइन करत असलात तरी. लोक माउस हलवायचं मशीन घेऊन ठेवतात म्हणे. त्यापेक्षा स्टेटस मेसेजमध्ये लिहा, "एक ते दोन जेवायला, अर्जंट असेल तर फोन करा". फोनवरच्या अ‍ॅपमध्ये क्वाएट टाइम असतो, तिथे रात्रीची वेळ आणि सुट्टीचे वार लावले की घंटी बंद.

शेवटचं म्हणजे कॉल संपल्यावर नुसतं लीव्ह करू नका, मीटिंग तुम्ही लावली असेल तर बाणावर क्लिक करून एंड मीटिंग करा, सगळेच बाहेर पडतात. आमच्या एका कॉलनंतर आम्ही दोघं आतच राहिलो आणि "काय पकवतो रे हा माणूस" म्हणून दहा मिनिटं त्या क्लायंटची मनसोक्त उजळणी केली. त्यांच्याकडचा एक जण म्युटवर तसाच आत होता. त्या दोन मराठी लोकांपैकीच एक.