पुण्याहून लेह, घरच्या गाडीने: निघण्याआधीची तयारी

सामान काढण्याआधी रस्ता ठरवा. जाताना श्रीनगर, येताना मनाली, उलटं नको. श्रीनगर साधारण 1,600 मीटरवर, कारगिल 2,700, लेह 3,500, म्हणजे उंची अंगाला बेताबेताने सोसते. मनालीकडून चढलात तर पहिला मुक्काम बहुधा सरचूला पडतो, सुमारे 4,300 मीटरवर, आणि रात्रभर डोकं धरून बसावं लागतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. लेहला पोचल्यावर दोन दिवस निव्वळ आराम. खारदुंगला खिंड कुठे पळून जात नाही.

गाडीचं सगळं गॅरेजवाल्यावर सोपवू नका. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. इतका जुना टायर, नक्षी शाबूत असली तरी, मी त्या रस्त्यावर नेणार नाही. स्टेपनी एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्येच स्वतःच्या हाताने बदलून बघा. गॅरेजात नट गनने आवळलेले असतात, आणि गाडीसोबत आलेला आखूड पाना त्यांना दाद देत नाही, त्यावर उभं राहून नाचलात तरी. पान्याच्या दांड्यात बसेल असा दोन फुटी लोखंडी पाइप भंगारवाल्याकडून आणा. कॅरिअरवर बांधायच्या हौशीच्या सामानापेक्षा तो जास्त कामाचा. फॅन बेल्ट, कूलंट, फ्यूज, पंक्चर किट, हवेचा पंप हे तर नेहमीचंच.

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स एका पाकिटात, हाताशी. भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी नेऊ नका. लेहच्या पुढे पँगाँग-नुब्राकडे स्थानिक टॅक्सीवाले अडवतात. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीर-लडाखमध्ये बंद पडतं, तेव्हा निदान एक नंबर पोस्टपेड करून घ्या.

खिचडीचा बेत असेल तर छोटा कुकर हवाच. सरचूला पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तांदूळ कच्चेच राहतात. चिवड्याची हवाबंद पाकिटं घाटात उशीसारखी फुगतात. चिवडा डब्यात न्या. शॅम्पूच्या बाटल्या कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका, कारण उघड आहे.

परतीचा हिशेबही आताच मांडा. लेह सोडल्यावर कारूला टाकी काठोकाठ भरा. तिथून टांडीचा पंप सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, आणि घाटात गाडी नेहमीपेक्षा जास्त पिते. अंग सरावलेलं असल्याने आता सरचूचा मुक्काम चालतो. तिथून उजाडताच निघा. दुपारी बर्फ वितळून बारालाचा खिंडीच्या वाटेवरचे नाले चढतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता बंपरला लागतं. त्या दिवसासाठी गमबूट वरच ठेवा, डिकीच्या तळाशी नको.