मोरावळा कसा करायचा, आणि मधेच च्यवन ऋषी

तुळशीच्या लग्नाला आवळे-चिंचा आणल्या ना, तेव्हाच एक किलो मोठे आवळे जास्तीचे घेऊन ठेवायचे, डाग नसलेले. धुऊन चाळणीत 10-12 मिनिटं वाफवायचे, फाका आपोआप सुट्या व्हायला लागल्या की गॅस बंद. गार झाल्यावर बिया काढा, फोडींच्या वजनाएवढी साखर घालून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी बघाल तर साखरेचं पाणी होऊन फोडी त्यात पोहत असतात.

आता हे भांडं मंद गॅसवर. भांडं स्टीलचंच घ्या प्लीज, मी पहिल्यांदा हौसेने आजीच्या लोखंडी कढईत केला होता आणि अर्ध्या तासात शाई तयार! आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळं होतंच.

पाक आटतोय तोवर गोष्ट. च्यवनप्राशच्या डब्यामुळे सगळ्यांना वाटतं की म्हातारे च्यवन ऋषी आवळा खाऊन तरुण झाले. पण महाभारतात वेगळंच आहे, ऋषी तप करत वारुळात बसलेले, राजा शर्यातीची मुलगी सुकन्या आली, आत काहीतरी चमकतंय म्हणून तिने काटा खुपसला आणि ते निघाले ऋषींचे डोळे! मग भरपाई म्हणून तिचंच लग्न त्यांच्याशी लावून दिलं (तिचा काय दोष म्हणा, पोरच ती). पुढे अश्विनीकुमारांनी ऋषींना तळ्यात डुबकी मारायला लावली आणि ते तरुण होऊन बाहेर आले. आवळा कुठेच नाही! तो येतो चरकसंहितेत, तिथे च्यवनप्राशच्या कृतीत मोजून 500 आवळे आहेत, शिवाय दशमुळं वगैरे, म्हणजे आपल्या मिक्सरचं काम नाही ते. आणि व्हिटॅमिन सी म्हणाल तर कच्च्या आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट असतं, पण शिजवलं की त्यातलं बरंचसं जातं, त्यामुळे त्यासाठी कच्चाच खा मीठ लावून, मोरावळा चवीसाठी.

हां तर पाक. बोटाच्या चिमटीत एक तार आली की उतरवा, वेलची आणि थोडं केशर घाला, पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या काचेच्या बरणीत भरा. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून बघा, फोडी पाणी सोडतात आणि पाक पातळ होतो, तसं झालं तर नुसता पाक गाळून परत एकतारी करायचा आणि गार करून ओतायचा. बुरशी येते ती हे न केल्यामुळेच. आणि चमचा कोरडा!